न धरलेले फटके

नवी मुंबईतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, फिरवून बघत होते. एसी इतका गार की बोटं आखडलेली. समोर ताणलेला पांढरा पडदा, त्यावर कुठल्याशा परदेशी मैदानाचं हिरवंगार चित्र, पायाखाली प्लास्टिकचं गवत आणि बाजूला टॅब घेऊन उभा असलेला एक तरुण मुलगा. फटका मारला की खरा चेंडू पडद्यावर धप्पकन आपटून माझ्याच पायाशी यायचा, चित्रातला चेंडू मात्र पुढे उडत राहायचा, मागे रंगीत रेघ सोडत. सुरुवातीच्या रेघा बऱ्या आल्या. मग एक फटका हीलवर, म्हणजे दांडा ड्रायव्हरच्या डोक्याला जिथे जोडलेला असतो त्या अंगाला लागला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. रेघ उजवीकडे वळत वळत झाडीत शिरली. मुलाने टॅबवर बोट टेकवलं आणि रेघ नाहीशी झाली. "हा नको धरूया, मॅडम," तो म्हणाला. इतक्या आपुलकीने म्हणाला की मला बरंच वाटलं. पुढे आणखीही काही रेघा अशाच गेल्या. शेवटी त्याने सरासरी काढून दाखवली : १७८ यार्ड. साठी ओलांडलेल्या बाईला असा आकडा दाखवला की तिचा हात पर्सकडे जातोच. पण किंमत पन्नास हजारांच्या घरात होती, म्हणून "कळवते" एवढंच म्हणून मी बाहेर पडले.

पनवेलला गाडीत बसल्यावर त्याने मोबाइलवर पाठवलेला तक्ता उघडला. डोक्याचा वेग, चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी, सगळं दशांशचिन्हापर्यंत. माणगाव गेलं, खेड गेलं, चिपळूणला वडे-भजीवाले येऊन गेले, मी आपली तेच आकडे चाळतेय. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात रेंज गेली, तक्ता उघडाच राहिला, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही सरासरी माझी नव्हेच. ही माझ्यातल्या त्या बाईची सरासरी आहे, जिचा चेंडू कधी झाडीत जात नाही. तिला मी चांगली ओळखते. ती अधूनमधून एखाद्या सकाळी येते, अर्धा तास थांबते आणि निघून जाते. पन्नास हजार मात्र मला भरायचे होते.

आणि मैदानावर बाकीचा सगळा वेळ जी खेळते, तिचे फटके टॅबवरून पुसले गेले होते.

गोल्फ माझ्या वाट्याला आलं ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो नौदलात. कुलाब्याला नेव्हीनगरात होतो तेव्हा युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. एका अंगाला समुद्र, वाऱ्याला सुट्टी नाही, आणि खेळून आल्यावर ओठांवर मिठाची चव. नवरा आणि त्याची मित्रमंडळी शनिवारी पहाटेच जायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही जायला लागले, कुणाचा तरी जुना अर्धा सेट घेऊन. नियमाने पिशवीत चौदा क्लब नेता येतात. माझ्या पिशवीत जेमतेम निम्मे होते आणि त्यात ड्रायव्हर नव्हता. बायकांना तो कशाला, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. पुढे विशाखापट्टणमला बदली झाली तेव्हा एका अधिकाऱ्याची बायको सामान आवरत होती, तिच्याकडून मी माझा पहिला ड्रायव्हर घेतला. टायटॅनियमचं डोकं आणि जांभळ्या दांड्यावर बारीक फुलांची नक्षी. ती नक्षी बघून मला पहिल्या दिवसापासून राग येतो. पण दांडा माझ्या हातात बसला, आणि वीस वर्षं झाली तरी तो पिशवीत आहे.

निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरीजवळ सासरच्या बागेत येऊन राहिलो. हापूसची कलमं, चार-दोन काजू, मागे चढत गेलेला सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. या जिल्ह्यात गोल्फ म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघतात. मैदान गाठायचं तर खारघर, नाहीतर थेट गोवा. कुणी सुचवलं, सड्यावर मारा की! मोकळा आहे, माणूस नाही काणूस नाही. पण जांभ्या कातळावर चेंडू पडला की कुठल्या दिशेला उसळेल याचा काही नेम नसतो, आणि आमच्या बाजूच्या सड्यांवर कुठे पायाखाली कातळशिल्प निघेल तेही सांगता येत नाही. हजारो वर्षं तग धरून राहिलेल्या हत्ती-माशांवर मी चेंडू आपटणार नाही. म्हणून मग जाळं.

मिरकरवाडा बंदरावर जुनी जाळी विकत मिळतात. चेंडूचा व्यास नियमाने ४२.६७ मिलिमीटरहून कमी चालत नाही, तेव्हा जाळ्याची आस, म्हणजे भोक, त्याहून बारीक हवी. बंदरावरच्या खारवी दादांनी कुठली मासळी धरायची म्हणून विचारलं. मी पर्समधून चेंडू काढून दिला. ते हसले नाहीत. चेंडू अंगठ्याने एकेका जाळ्याच्या आसेत दाबून बघत गेले, दोन जाळी बाजूला टाकली, तिसऱ्याला म्हणाले, "ह्ये न्या. ह्यातून नाय सुटायचा." सुटला नाही. कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत बांबू रोवून ते टांगलं, तर पुढचा पावसाळा होईपर्यंत त्याचा वास जाईना आणि गावभरची मांजरं खाली बसून राहायला लागली. माकडांचं उलटं. टायटॅनियमचा आवाज मोठा, पत्र्यावर हाणल्यागत कडाड. तो ऐकून सुरुवातीला माकडं बाग सोडून पळाली. शेजारचे तर त्यांच्या हद्दीकडे तोंड करूनही थोडे मारा म्हणून सांगायला आले. ही चैन फार टिकली नाही. माकडांना कळलं की आवाजामागे काही येत नाही. मग ती गडग्यावर ओळीने बसून बघायला लागली. एकाने चेंडू पळवला, चावून बघितला आणि माझ्याच दिशेला भिरकावला.

हा आवाज काही आपसूक येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. डोकं आतून पोकळ असतं, आत बारीक फासळ्या ठेवून कंपन्या तो आवाज जुळवून घेतात, आणि कानाला चांगला वाटलेला फटका हातालाही चांगलाच वाटतो. पूर्वी हे डोकं लाकडाचं असायचं, अमेरिकेतल्या पर्सिमनचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं. जिच्या पानांत विडी वळतात ती टेंभुर्णी, आणि आबनूसही त्याच घरातला. जड, घट्ट, सावकाश वाढणारं लाकूड. १९७९ साली टेलरमेडच्या गॅरी ॲडम्सने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि त्यालाही नाव दिलं पिट्सबर्ग पर्सिमन. गाव पोलादाचं, आडनाव झाडाचं. १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, १९० घनसेंटीमीटरची, आणि लोकांना ती अवाढव्य वाटली. मग टायटॅनियम आलं, डोकी फुगतच गेली, शेवटी २००४ मध्ये अमेरिकेची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी ४६० वर रेघ मारली. आज दुकानात जो दिसेल तो बहुतेक त्या रेघेला टेकलेला असतो. कुलाब्याला एका वृद्ध ॲडमिरलसाहेबांकडे पर्सिमनचा होता. त्यांनी एकदा मारू दिला. आवाज म्हणजे नुसता टक्. इतका छोटा आवाज आणि चेंडू इतका लांब, याचा मेळ मला त्या दिवशी बसला नाही.

फेस, म्हणजे डोक्याची चेंडूला लागणारी बाजू, किती उसळता असावा यालाही हद्द आहे. लोलकाला लावलेला पोलादी गोळा फेसवर आपटतात आणि तो किती मायक्रोसेकंद टेकून राहिला ते मोजतात; मर्यादा २३९, वर १८ ची सूट. म्हणजे जाहिरातीत दरवर्षी वाढणारे यार्ड फेसच्या मध्यातून येणं केव्हाच थांबलं आहे. मधोमध लागलेला चेंडू जुन्या ड्रायव्हरवरूनही फारसा मागे राहत नाही. खरी सुधारणा कडेला झाली आहे. वजन मागे आणि बाजूंना ढकलल्यामुळे, चेंडू हीलला किंवा टोकाला लागला तरी डोकं हातात कमी पिरगळतं. या न पिरगळण्याच्या मापालाही ५,९०० ची मर्यादा आहे (हल्ली १०,००० चे फलक दिसतात ते दोन अक्षांच्या मापांची बेरीज करून, हा हिशोब ऐकून माझा वाण्याबद्दलचा आदर वाढला). मला गंमत वाटते ती याची : संशोधकांनी गेली तीस वर्षं ज्या फटक्यांसाठी डोकं खाजवलं, दुकानातला मुलगा नेमके तेच पुसत होता.

तरी त्या मुलाला बोल लावायला मन होत नाही. त्याला ड्रायव्हर विकायचा आहे, आणि समोरच्या माणसाला कुठला ड्रायव्हर विकत घ्यावासा वाटतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पुरुष नऊ अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, मागतात. सावकाश फिरवणाऱ्याला जास्त लॉफ्ट लागतो हे ऐकून घेत नाहीत, बारावर हात ठेवायला लाजतात. दांड्याच्या लवचिकतेची अक्षरं असतात, एल, ए, आर, एस, एक्स. त्यातलं एल लेडीजचं, ए सीनियरचं. ही अक्षरं कुठल्याही सामाईक मापाला बांधलेली नाहीत, एका कंपनीचा आर दुसऱ्याच्या एसएवढा ताठ निघू शकतो. पण सीनियरचं अक्षर दांड्यावर छापलेलं असलं की भले भले गृहस्थ तो खाली ठेवतात. अक्षर खोडून दिलं तर निम्मी गिऱ्हाइकं सुखी होतील, असं मला उगाच वाटतं.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या आमच्याकडे आंबा उतरवतात. नवऱ्याचे वडील होते तेव्हापासून. घळ म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना एका वाक्यात सांगते : लांब बांबू, टोकाला जाळीची झोळी आणि देठ कापायला पातं. हंगामाच्या तोंडावर तात्या नव्या काठ्या आणतात आणि घळ बांधायच्या आधी प्रत्येक काठी हातात धरून हलवून बघतात. बुंधा मुठीत, नजर शेंड्याकडे. हात थांबला तरी शेंडा किती वेळ डोलतो ते बघतात. फार डोलला तर फळापाशी नेम धरवत नाही, पातं शेजारच्या आंब्याला लागतं आणि चीक सांडून डाग पडतो. फार ताठ असली तर काठी जड असते आणि खांदा बोलायला लागतो. हे सगळं मी वर्षानुवर्षं बघत आले होते. पण यंदा, डोक्यात ते पुसलेले फटके असताना, एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. तात्या ही पारख सकाळी करत नाहीत. दिवसभराचं शिंपणं, झाडलोट झाली, चहा झाला, की उन्हं कलताना काठ्या घेऊन बसतात. मी विचारलं. ते म्हणाले, "सकालच्याला सगल्या काट्या हलक्याच लागतात वो वैनी. दुपारच्याला जी हातात ऱ्हाते ती आपली."

मग मीही दुपारी सुरुवात केली.

दुकानातला तो ड्रायव्हर पुण्याच्या भाचीकडे होता, अगदी तोच, साडेपंचेचाळीस इंच लांब. तिने तो आणि तिचा आधीचा असे दोन्ही पाठवले. आधीचा दोन-तीन वर्षं जुना, चव्वेचाळीस इंची, बारा अंशांचा, आणि फटक्याचा आवाज बोदा. तिसरा माझा फुलाफुलांचा. फेस ओल्या फडक्याने पुसायचा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, फटका मारायचा. चेंडू जिथे लागतो तिथली पावडर उडून गोल, स्वच्छ ठसा राहतो, नीट बघितलं तर त्यात चेंडूच्या खळग्यांची जाळीसुद्धा दिसते. आंब्याचे रिकामे खोके उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर मी प्रत्येक फेसचा आकार पेन्सिलने काढून घेतला होता. ठसा जिथे, तिथे पुठ्ठ्यावर टिंब. पावडर पुन्हा. घामाने पकड निसटायला लागली की हात पुसायचे. टिंब मात्र कुठलंही पुसायचं नाही, डोक्याच्या तळाला लागून चेंडू जमिनीसरपट गेला तरीही नाही. ठसाच उमटला नाही तेव्हा पुठ्ठ्याच्या कडेला फुली मारली.

जाळ्याने एक उपकार केला. चेंडू कुठे गेला असता ते दिसतच नव्हतं. मैदानावर फटका मारल्याबरोबर मान वर जाते, चेंडूमागे नजर जाते आणि फटका कसा लागला हे चेंडू कुठे पडला यावरून ठरवलं जातं. वाईट लागलेला चेंडू उतारावरून घरंगळत फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर, आला की तो चांगला होतो. इथे तसलं काही नव्हतं. चेंडू जाळ्यात, जाळ्याचा झोळ हलतोय, वर कोकीळ ओरडतोय आणि हातात फक्त तो ठसा. फेस आणि चेंडू एकमेकांना टेकतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात जे झालं ते पुठ्ठ्यावर.

आणि पुठ्ठे बोलायला लागले. लांब ड्रायव्हरच्या पुठ्ठ्यावर टिंबं हीलपासून टोकापर्यंत विखुरलेली, त्यातली काही बरोब्बर मध्यावर, आणि ती लागली तेव्हा हाताला काही कळलंसुद्धा नव्हतं, इतकी गोड. दुकानातल्या पडद्यावर राहिलेल्या रेघा या टिंबांच्या. फुलाफुलांच्या ड्रायव्हरची टिंबं खालच्या अंगाला, म्हणजे चेंडू बुटका उडणार आणि फिरकी जास्त. आखूड, बोद्या आवाजाच्या ड्रायव्हरवर मात्र टिंबांचा एकच पुंजका होता, जेमतेम दोन बोटं रुंद, मध्यापासून जरा हीलकडे सरकलेला. कुठलंच टिंब अगदी मधोमध नाही. कुठलंच कडेलाही नाही. हीलला लागलेला चेंडू उजवीकडे वळतो, कारण चेंडूच्या धक्क्याने डोकं एकीकडे फिरतं आणि फेसवरून चेंडूला दुसरीकडची फिरकी मिळते. त्यासाठीच फेस सपाट नसून किंचित फुगीर घडवतात, म्हणजे चेंडू निघताना थोडा डावीकडे निघावा आणि वळून परत यावा. सगळी टिंबं एकाच जागी असतील तर त्या वळणाचा अंदाज बांधता येतो. थोडा डावीकडे नेम धरून उभं राहायचं आणि मारायचं.

संध्याकाळी पडवीत पुठ्ठे मांडले. नवरा वाकून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, जहाजाच्या लॉगबुकात असंच असतं. तिथे खोडरबर चालत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. पानं फाडणाऱ्याला नौदलात स्थान नाही, वगैरे. हे बोलताना त्याचा आवाज जरा भारदस्त झाला होता. मी ते लक्षात ठेवलं.

पुढच्या खेपेला मुंबईकडे गेलो तेव्हा तिन्ही ड्रायव्हर घेऊन खारघरला गेले. सिडकोचं मैदान, कुणीही पैसे भरून खेळावं असं, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात पांडवकडा तिथूनच दिसतो. पिशवी उचलायला कॅडी म्हणून आलेला मुलगा चुणचुणीत होता. दमट हवेत चेंडू जात नाही मॅडम, तो म्हणाला. हे मी कुलाब्यापासून ऐकत आले आहे. वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, दमट हवा उलट केसभर विरळच असते, पण हे त्याला सांगून काय उपयोग, घामाने ग्रिप फिरते ती फिरतेच. आखूड ड्रायव्हर लांबच्यापेक्षा दहा-पंधरा यार्ड मागे पडत होता, पण चेंडू शोधायला कुठे जावं लागत नव्हतं. मोठ्या खेळाडूंचा अनुभवही काही वेगळा नाही : टायगर वुड्स ऐन भरात साडेत्रेचाळीस इंची पोलादी दांड्याचा ड्रायव्हर वापरायचा. आणि आता तर २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांत ४६ इंचांहून लांब ड्रायव्हरना आयोजक बंदी घालू शकतात. आमच्यासारख्यांना बंदी नाही. आमच्या पिशवीत लांब दांडा निघतो तो आमच्याच हौसेने.

त्या कॅडीचे मामा चेंबूरचे. तिथल्या गोल्फ क्लबला लागून असलेल्या वस्तीत पोरं गल्लीत गोल्फ खेळतात हे वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचलं असेल. बांधकामाची लोखंडी सळी वाकवून केलेला क्लब, प्लास्टिकचा चेंडू, आणि दोन बाजूंना घरांची दारं. तिथे ड्रायव्हर नाहीच, पण मला त्या गल्लीबद्दल फार कुतूहल वाटतं. तिरका गेलेला फटका तिथे कुणाच्या तरी दारावर, भांड्यांवर नाहीतर डोक्यावर जातो. हा नको धरूया, असं म्हणायची सोय नाही. ज्याच्या दारावर आपटला तो बाहेर येऊन धरतोच. मी पन्नास हजारांचा विचार करत होते तेव्हा खाडीपलीकडे हे चाललेलं असतं. या खेळाबद्दल माझ्या मनात कायम दोन मतं आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो. कोकणात धो धो पाऊस पडून टँकर येतो. तेव्हा कुठल्याही हिरव्यागार फेअरवेचं चित्र बघितलं की मला पाण्याचा हिशोब सुचतो. आणि जूनमध्ये पहिली सर आली की त्याच फेअरवेवर अनवाणी चालावंसं वाटतं.

तर मी भाचीकडून आखूड ड्रायव्हर घेतला. ती पैसे घेईना. मग हंगामात पेट्या पाठवल्या. लांबचा परत केला. बांधून कुरिअरला देताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. खारघरला त्याच ड्रायव्हरने एक फटका असा लागला होता की कॅडीने शिट्टी वाजवली. चेंडू उंच गेला, डोंगराच्या रेषेच्या वर गेला, हातांना काही जाणवलंच नाही, आणि तो पडला तिथे मी त्याआधी कधी चेंडू टाकलेला नव्हता. माझ्या पुठ्ठ्याच्या कायद्याने तो एक फटका बाकीच्या फटक्यांइतकाच. एक टिंब, बस्स. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मला पुंजका आठवत नाही. तो आठवतो. कुणी टॅब घेऊन तो पुसायला आलं तर मी त्याचा हात धरीन.

आखूड ड्रायव्हरशी माझं हळूहळू जमतंय. आवाज अजून आवडत नाही. माकडांना तर त्याची काहीच भीती नाही. पुंजका हीलकडून मध्यावर आणायला चेंडूपासून अंगठाभर लांब उभी राहून बघितलं, तर तो आणखीच हीलकडे गेला. मग जवळ सरकले, आता बरा आहे. बारा अंशांमुळे चेंडू वर जातो, आणि वर गेलेला चेंडू बघायला कुणाला आवडत नाही?

आता घरात प्रश्न आहे तो नवऱ्याच्या ड्रायव्हरचा. तो नऊ अंशांचा, दांडा एस, चाळिशीत घेतलेला. खांद्याचं दुखणं झाल्यापासून त्याचा चेंडू बुटका आणि उजवीकडे जातो, आणि त्याचा दोष तो वाऱ्याला देतो. मी त्याच्यासाठी नवा पुठ्ठा उलगडून ठेवला, फेसचा आकारही काढून ठेवला. बरेच दिवस त्याने तिकडे बघितलं नाही. परवा चहा पिताना आपणहून विषय काढला. तयार आहे म्हणाला, दुपारीसुद्धा चालेल, फक्त सुरुवातीचे काही फटके लिहायचे नाहीत. ते वॉर्मअपचे. मी त्याला लॉगबुकाची आठवण करून दिली. तो म्हणाला, जहाज धक्क्यावरून सुटल्यावरच्या नोंदी वेगळ्या आणि धक्क्याला बांधलेलं असतानाच्या वेगळ्या. मी म्हटलं, बंदरात असतानाही लॉगबुक चालूच असतं, मला माहीत आहे, पंचवीस वर्षं ऐकलंय. तात्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते. वैनी, सायबांना एक रेघ मारून सही करायला सांगा, ते म्हणाले. वाटाघाटी चालू आहेत.